बारव सांडव्याच्या बाजूला आहे

आप्पा, तुमच्या तेराव्याच्या दिवशी मी तुमच्या फलकावर शेण फासायला निघाले होते. डांबर हाताशी नव्हतं म्हणून शेण. पंगत उठत होती, पाहुणे हात धूत होते, आणि तुमचे भाऊ, म्हणजे माझे मालक, वाटेत आडवे आले. म्हणाले, "आजच्या दिस थांब. मानसं जेवायलीत." मी घमेलं खाली ठेवलं. थांबले ती पाहुण्यांसाठी. तुमच्यासाठी नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुमचा प्रमोद तुमच्या नावाने स्मरणिका काढतो आहे आणि घरातल्या प्रत्येकाने तिच्यात लिहावं असा त्याचा आग्रह आहे. पुण्याहून फोनवर म्हणाला, "काकू, पप्पांबद्दल दोन-चार पानं लिहा. चांगलं लिहा." मी म्हटलं, लिहीन, चांगलं होईल का ते माहीत नाही. तुमची शाळा, बदल्या, सत्कार, शाली हे दुसरे लिहितील. मी आपल्या भांडणाबद्दल लिहिणार. ते अर्धवट राहिलं आणि तुम्ही निघून गेलात. तुमची ती सवयच होती, आपलं म्हणणं सांगायचं आणि उठायचं.

इतकी वर्षं एका घरात राहून आपण दोघं सरळ किती वेळा बोललो असू? धाकट्या सुनेने थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून, ही आपल्या घराची रीत. तिसरं कुणी नसलं तर मी दाराच्या चौकटीला विचारायची, "आप्पांना म्हणावं, चहा आत्ता देऊ का?" आणि तुम्ही समोरच्या भिंतीला सांगायचात, "धाकटीला म्हनावं, साखर कमी घाल." खोलीत आपण दोघंच. प्रमोद लहानपणी हे बघून हसून लोळायचा. मलाही आधी हसू यायचं, मग सवय झाली, मग राग यायला लागला. भिंतीशी भांडता येत नाही. भिंत कधी "चुकलं" म्हणत नाही. आता तुम्हीच नाही, तर भिंत कशाला मध्ये घेऊ? सरळ बोलते.

ज्यांनी आपलं गाव पाहिलं नाही त्यांना भांडण समजावं म्हणून आधी जागा सांगते. करंजवाडी बीडच्या बाजूला बालाघाटाच्या पायथ्याशी आहे. आत्ताचं गाव तळ्याच्या काठावर, जुनं गाव तळ्याच्या पोटात. धरण झालं तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं वर सरकली. होळी झाली की पाणी उतरायला लागतं. आधी बुडालेल्या मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो, मग शिखर; देऊळ ठेंगणं आणि चार पायऱ्या जमिनीत उतरलेलं, म्हणून दार पाण्याखालीच राहतं. चैत्रात काठापासून देवळापर्यंत गुडघा-कंबरभर पाणी उरतं आणि लोक त्यातून चालत जाऊन शिखराला हात लावून येतात. हनुमान जयंतीला तर जत्राच असते. काठावर उभं राहून देवळाकडे पाहिलं तर एका अंगाला दर्ग्याची टेकडी आणि दुसऱ्या अंगाला सांडवा, म्हणजे पावसाळ्यात तळं भरलं की जिथून पाणी वाहून जातं ती दगडी भिंत. देवळाला लागूनच जुन्या गावाची बारव आहे, पायऱ्यांची खोल विहीर. पाणी गढूळ असल्याने ती वरून दिसत नाही. पाऊल पडलं की माणूस खाली जातो. म्हणून देवळाकडे कुठल्या अंगाने जायचं, एवढाच काय तो प्रश्न. आपलं सगळं भांडण एवढंच होतं.

हे सगळं बघण्यासारखं आहे असं आधी कुणालाच वाटत नव्हतं. ते तुम्ही वाटायला लावलंत, हे मी कबूल करते. निवृत्त झालात आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागलात. मग तुमची पुस्तिका निघाली, 'करंजवाडी : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे'. मी ती सगळी वाचली आहे, आप्पा. तुम्हाला वाटायचं मी फक्त तिच्यावर भजी ठेवते.

तुमच्या पुस्तिकेत गावातला प्रत्येक दगड यादवकालीन आहे. चावडीपुढच्या ज्या दगडी डोणीत आम्ही म्हशींना पाणी पाजलं, ती तुम्ही 'प्राचीन स्नानकुंड' केलीत. दर्ग्यामागचा झरा 'बारमाही, औषधी गुणधर्माचा'. तो झरा दर उन्हाळ्यात आटतो आणि मुजावरचाचा पाइप लावून झऱ्याचं कुंड भरतात हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. चाचांना कुणी विचारलं तर ते हसून म्हणायचे, "गुरुजी ने लिख दिया ना, अब भरनाच पडता." सांडव्याला तुम्ही 'मराठवाड्याचा छोटा नायगारा' म्हणालात. श्रावणात चार रविवार पाणी पडतं त्याचं.

आणि लोक आले. गाड्या घेऊन, सासू-सुना घेऊन, परळीची सिमेंटच्या धुळीत राबणारी माणसं सुट्टी काढून आली, गेवराईच्या, अंबाजोगाईच्या सहली आल्या. आमची ऊसतोड सुटली ती त्या लोकांमुळेच. मालकांनी काठावर टपरी टाकली, मी मासे तळायला बसले, भाकरी थापायला बसले. तुमच्या थापांवर माझी चूल पेटली. इतकी वर्षं पेटली. डोण, झरा, नायगारा, यातल्या कशाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. कुणाचं काय बिघडतं? डोण जुनी समजून कुणी फोटो काढला तर कुणी मरत नाही.

नकाशाने मात्र माणूस मरू शकतो.

पाळूवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, तुम्ही तो मोठा पत्र्याचा फलक लावलात तेव्हाचं मला आठवतं. पिवळ्यावर निळी अक्षरं. मध्ये देऊळ, भोवती जुन्या गावाच्या गल्ल्या, आणि दर्ग्याच्या अंगाला एक चौकोन : 'बारव. धोका.' खाली लाल बाण : 'मंदिराकडे सांडव्याच्या बाजूने जावे.' मी पीठ मळता मळता उठले आणि फलकापुढे जाऊन उभी राहिले. बारव सांडव्याच्या अंगाला आहे, आप्पा. तुमचा बाण थेट तिच्यात नेत होता.

तुमची चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं, आणि ती चूक आपल्या गावाबाहेरचा कुणी करूच शकला नसता. जुनं गाव सोडताना लोकांनी एक गोष्ट केली. वर येऊन घरं बांधली ती जुन्याच गल्ल्यांनी, जुन्याच शेजाराने. सुताराशेजारी परीट तो वरही परटाशेजारीच. बारवेच्या जागी वर विहिरीला पाणी लागलं नाही, तर तेवढी जागा त्यांनी मोकळी सोडली. आजही तिथे कुणी घर बांधत नाही, पोरं क्रिकेट खेळतात. तुमच्या आई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "खाली बी बारव मारुतीच्या डाव्या हाताला, वर बी डाव्या हाताला. काई हललं न्हाई." तुम्ही धरणाच्या वेळी त्यांच्या कडेवर होता. खालचं गाव तुम्हाला आठवणं शक्य नव्हतं. म्हणून तुम्ही नव्या गावावरून जुन्याचा नकाशा काढलात. वर मारुती कुठे, मोकळी जागा कुठे, ते मोजलंत आणि तसंच उचलून पाण्यात ठेवलंत.

पण एक गोष्ट हलली होती. जुना मारुती रस्त्याकडे, म्हणजे आताच्या काठाकडे, तोंड करून होता, नदीकडे पाठ. वरचा मारुती बसवताना गावकऱ्यांनी त्याचं तोंड तळ्याकडे केलं, त्याने जुनं गाव बघत बसावं म्हणून. देव उलटा फिरला की त्याचा डावा हातही फिरतो. सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. खाली डाव्या हाताला सांडवा आहे, वर डाव्या हाताला दर्गा आहे.

मला हे कसं माहीत? तो मोठा दुष्काळ आला तेव्हा तळं पार कोरडं पडलं होतं. आम्ही ऊसतोडीवरून परत आलो आणि बाकी गावासारखंच तळ्याच्या गाळात खरबुजं लावली. दरवर्षी पाणी हटेल तशी त्या गाळात पेरणी होते, त्या वर्षी देवळाच्या पायरीपर्यंत झाली. देवळाचं दार मी डोळ्यांनी पाहिलं, रस्त्याकडे उघडणारं. बारव मी डोळ्यांनी पाहिली, सांडव्याच्या अंगाला. गाळ भरूनही इतकी खोल की मालकांनी दगड टाकला तर आवाज उशिरा आला. शेळ्या पडू नयेत म्हणून तिच्या कडेने बाभळीचे काटे मी लावले, हे बघा अजून तळहातावर खूण आहे. तुम्ही तेव्हा युसूफ वडगावला नोकरीला होता. एकदा रविवारी आलात, काठावर उभे राहिलात आणि खाली उतरला नाहीत. चपला नव्या होत्या.

फलक लागला त्या संध्याकाळी मी मालकांच्या तोंडून निरोप दिला. तुम्ही ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होता. मालक बिचारे चाचरत म्हणाले, "दादा, ही म्हनती बारव तिकडं हाय."

तुम्ही पान उलटलंत आणि वर्तमानपत्राला सांगितलंत, "धाकटीला म्हनावं, नकाशा मी काढलाय. गाळात खरबुजं न्हाई लावली."

मी आतूनच म्हटलं, "आप्पांना म्हणावं, खरबुजं लावणाऱ्याला बारव दिसती. नकाशा काढणाऱ्याला न्हाई दिसत."

अक्का, तुमच्या बायको, माझ्या जाऊबाई, चुलीपुढे बसून तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही ते ऐकलंत. तिथून पुढे तुम्हाला खरं-खोटं उरलं नाही, फक्त कोण म्हणतंय ते उरलं.

एकदा मी ओट्यावर तुमच्यासमोर चक्क मांडून दाखवलं. पितळी गडवा मारुती म्हणून ठेवला, त्याच्या डाव्या हाताला काड्यापेटी. मग गडवा फिरवला. "आता काड्यापेटी कुठल्या हाताला आली?" म्हणून मी चौकटीला विचारलं. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, झालं, समजलं. मग तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे तोंड करून बोललात, "दगडाचे देव फिरत न्हाईत, धाकटे." काड्यापेटी खिशात घातलीत आणि गेलात. ती काड्यापेटी माझी होती.

मग मी टपरीवरून ओरडायला लागले. दुसरं काय करणार? चैत्र लागला की दिवसभर तेच. "ओ ताई, तिकडून नका जाऊ! दर्ग्याच्या अंगानं जा!"

"फलकावर तर इकडून लिहिलंय."

"फलक चुकलाय."

"हो का? गुरुजी चुकले आणि मासेवाली बरोबर?" असं म्हणून एका बाईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं. शिकलेली बाई होती. मी कालवण ढवळत होते, हातात पळी होती. पळी हातात असलेल्या बाईचं कोण ऐकतं? सरकारी खांबावर निळी अक्षरं असली की लोक वाचतात. शेवटी मी मालकांना सांगून बारवेच्या कडेने बांबू रोवले, त्यांना लाल चिंध्या बांधल्या. तुम्ही दोनदा ते उपटायला लावलेत. 'विद्रूपीकरण' म्हणालात. हा शब्द मला तुमच्यामुळे आला.

आणि मग लातूरकडचे ते जावईबापू आले. नवी नवरी, सासरे, मेहुण्या, सगळा गोतावळा काठावर. जावईबापू पँट वर दुमडून फलकाचा बाण बघून सांडव्याच्या अंगाने निघाले. मी ओरडले. त्यांनी मागे वळून हात हलवला, फोटोसाठी ओरडतात असं वाटलं असेल. पुढच्या पावलाला ते नव्हते. टोपी तेवढी पाण्यावर. मालक जाळं टाकायला थर्माकोलच्या तराफ्यावर होते, म्हणून निभावलं. केवळ म्हणूनच. त्यांनी जाळ्याचा दोर फेकला, स्वतः उतरले, माणूस वर काढला. तो माणूस काठावर पालथा पडून पाणी ओकत होता आणि त्याची बायको मला घट्ट धरून उभी होती. तिच्या हातातला हिरवा चुडा माझ्या दंडात रुतला.

तुम्ही आलात. गर्दी बाजूला सारून बघितलंत. मला वाटलं, आता तरी. तुम्ही म्हणालात, "पाय घसरला त्यांचा. फोटोच्या नादात लोक बघत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी फलकावर एक ओळ वाढली : 'छायाचित्र काढताना काळजी घ्यावी.' बाण तसाच.

त्या दिवसापासून मी तुम्हाला मनातून माफ केलेलं नाही. आजही करत नाही. तुम्ही अर्ध्या गावाला अक्षर शिकवलंत, पोलिओच्या डोसापासून रेशनकार्डापर्यंत लोकांची कामं केलीत, अक्कांवर कधी हात उचलला नाहीत, माझ्या मुलीच्या कॉलेजच्या फॉर्मसाठी तीन चकरा मारल्यात. हे सगळं खरं आहे आणि तुमच्या पारड्यात टाकते. पण काठावरच्या त्या नव्या नवरीच्या चुड्यापुढे ते पारडं वर जातं.

तुम्हाला झटका आला आणि उजवी बाजू गेली तेव्हा अक्कांचे गुडघे चालत नव्हते, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. तुम्हाला कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, पातळ वरण भरवणं. यात उपकार काही नाहीत, घरात माणूस पडला की कुणीतरी करायचंच असतं. पण पदर आणि भिंत दोन्ही गळून पडलं. कुशीवर वळवताना भिंतीला कोण विचारतं?

एका दुपारी मी तुमचं तोंड पुसत होते. तुमची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "धाकटे, बारव... कुठं हाय म्हनलीस?"

आप्पा, तुम्ही मला विचारलंत. सरळ, माझ्याकडे बघून. त्या क्षणाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "फलकावर हाय की. वाचा."

तुम्ही डोळे मिटलेत. मी फडकं पिळलं, बादली उचलली आणि बाहेर गेले. संध्याकाळी पुन्हा विचाराल असं वाटलं होतं. विचारलं नाहीत. तीन दिवसांनी तुम्ही गेलात. ते माझं चुकलं. त्याला मी दुसरा शब्द शोधत बसणार नाही. पण लक्षात घ्या, चुकलं म्हणायला मला भिंत लागली नाही.

यानंतरचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

महिना झाला आणि प्रमोद पुण्याहून आला. पत्र्याचा फलक गंजला होता, तर तुमच्या स्मृत्यर्थ काळ्या दगडाचा करायचा असं त्याने ठरवलं. तुमचा मजकूर, तुमचा नकाशा, कोरून. हनुमान जयंतीला बसवायचा. बीडच्या कारागिराला कागदही दिला होता. मी ते ऐकलं आणि हातातलं काम सोडून ओसरीवर आले. पत्र्यावर रंग मारता येतो, दगडावर कोरलेलं कोण खोडणार?

मी म्हटलं, "प्रमोद, नकाशा चुकलाय. बारव सांडव्याच्या अंगाला हाय."

"काकू, आता कशाला? पप्पा गेले."

"पप्पा गेले, बारव न्हाई गेली."

त्याचा चेहरा कसनुसा झाला. चांगला मुलगा आहे, तुमच्यासारखा हेकट नाही, पण बापाच्या बाबतीत सगळ्यांची मान ताठ होते. म्हणाला, "मला एवढंच सांगा. पप्पांनी कधी मान्य केलं होतं का? त्यांनी हयातीत मान्य केलं नाही ते मी त्यांच्या नावाखाली कसं कोरू?"

'हो' म्हणून मोकळं होता आलं असतं. तुम्ही नव्हता, ऐकायला कुणी नव्हतं. मालकही माझ्याकडे बघत होते, म्हण की, अशा नजरेने. पण खोट्या नकाशाला खोट्या साक्षीने कसं काढणार? मी म्हटलं, "न्हाई. मान्य न्हाई केलं."

"मग झालं तर," प्रमोद म्हणाला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून काठीचा आवाज आला. अक्का उंबऱ्यापर्यंत आल्या होत्या. तुम्ही गेल्यापासून त्या कुणाशी धड बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "त्यांनी इचारलं व्हतं. मी पलीकडं पडलेली व्हते, जागी व्हते. बारव कुठं हाय म्हनून इचारलं. हिनंच सांगितलं न्हाई. टोमना मारला."

माझे कान तापले. इतके दिवस त्यांनी ते पोटात ठेवलं होतं, माझ्या हातचं जेवत होत्या, माझ्याकडून वेणी घालून घेत होत्या. प्रमोद माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली नाही, पण वरही धरवेना.

"कावून मारला टोमना, सुनंदे?" अक्कांनी विचारलं.

"राग हुता, अक्का."

"हं." त्या उंबऱ्यावर टेकल्या. "ज्याला ठाऊक असतं तो इचारत न्हाई. त्यास्नी ठाऊक न्हवतं म्हनून इचारलं. प्रमोद, आता तिला सांगू दे."

प्रमोद हुशार. आईचा शब्द मोडवेना, बापाचा सोडवेना, तर म्हणाला, "मग मला दाखवा."

दाखवायला काय लागतं? मालकांनी तराफा काढला. पाणी पुष्कळ उतरलं होतं, शिखर उघडं होतं. प्रमोदला मध्ये बसवलं, मी मागे. देवळाच्या दर्ग्याच्या अंगाला आलो तिथे मालकांनी त्याच्या हातात लांब बांबू दिला. "घाल खाली." बांबू कंबरभर पाण्यात जाऊन जमिनीला टेकला. थोडं पुढे, पुन्हा टेकला. तुमच्या नकाशात ज्या चौकोनावर 'धोका' लिहिलं होतं, त्या जागी प्रमोद खाली उतरून उभा राहिला. पाणी त्याच्या पट्ट्याला लागलं.

मग आम्ही वळसा घालून सांडव्याच्या अंगाला आलो. लाल बाणाच्या अगदी वाटेवर. प्रमोदने बांबू घातला. तो जातच राहिला. हात पाण्याला टेकले तरी खाली काही लागेना. त्याने एकदम बांबू सोडून दिला, जणू खालून कुणी ओढला. बांबू सरळ खाली गेला, थोड्या वेळाने उसळून वर आला आणि आडवा तरंगत राहिला. काठावर येईपर्यंत प्रमोद तराफ्याची कड धरून बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "काकू, फलक लागल्यापासून दरवर्षी जत्रेला आलो की मी ह्या बाजूनेच जायचो, जरा कडेने म्हणून वाचलो." मला ठाऊक होतं. म्हणूनच दरवर्षी मी टपरी सोडून काठावर येऊन उभी राहायची, हे त्याला ठाऊक नव्हतं.

त्याच दिवशी त्याने कारागिराला फोन केला आणि कागद बदलला. मजकूर तुमचाच ठेवला. डोण स्नानकुंडच राहिली, झरा बारमाहीच राहिला, सांडवा नायगाराच राहिला. मी त्यातल्या एका अक्षराला हात लावू दिला नाही. फक्त चौकोन सांडव्याच्या अंगाला नेला आणि बाण दर्ग्याच्या अंगाने वळवला.

एक प्रश्न उरला. प्रमोद म्हणाला, "खाली लिहूया, नकाशा दुरुस्ती : सौ. सुनंदाकाकू." मालक खूश झाले. मी नको म्हटलं. तो समजला, काकू मोठ्या मनाने सोडून देते आहे. मोठं मन वगैरे काही नाही, आप्पा. माझं नाव वाचून लोक विचारतील, ही कोण? कुणीतरी सांगेल, ती मासेवाली. आणि त्यातला एखादा शहाणा म्हणेल, मासेवालीचं काय ऐकायचं, मूळ गुरुजींनी सांडव्याकडून लिहिलं होतं, तिकडूनच जाऊ. इतकी वर्षं मी घसा फोडून जे सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. तुम्ही न बघता लिहिलेलं सगळ्यांनी ऐकलं. माणसं वाचवायची तर तुमचंच नाव लागतं. दुसरा इलाज असता तर मी केला असता.

हनुमान जयंतीला दगड बसला. त्या दिवशी मासे नसतात, मी चहा आणि साबुदाणा वडे करत होते. गर्दी लोटली होती. लोक फलकापुढे थांबत, बोट ठेवून वाचत, आणि दर्ग्याच्या अंगाने पाण्यात उतरत. बायका लुगडी खोचून, बाप्ये चपला हातात धरून, म्हाताऱ्या एकमेकींना धरून, ओळीने गेले आणि ओळीने परत आले. मी एकदाही ओरडले नाही. घसा मोकळा ठेवून दिवस काढायची सवय नव्हती, जड गेलं.

दुपारी एक गृहस्थ ओल्या पायांनी टपरीवर आले. चहा घेता घेता बायकोला म्हणाले, "बघ, गुरुजींनी किती अभ्यास केला होता. पाण्याखालची विहीर बरोब्बर दाखवलीय. असा माणूस आता होणे नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. तोंडापर्यंत आलं होतं. मग मी त्यांना वडा दिला आणि चटणी तिखट आहे म्हणून सांगितलं.

आता तुम्ही कायमचे बरोबर झालात, आप्पा. दगडात. मला ते रोज टपरीतून समोर दिसतं, रोज सहन होत नाही, आणि मी ते बदलू देणार नाही.